डिसेंबरातही पंखा लागतो तेव्हा

मे महिन्यात परभणीत कुणी ‘लई गरम होतंय’ म्हणालं, तर त्याला डॉक्टरकडे धाडायचं कारण नाही. सगळं गावच तापलेलं असतं. पण डिसेंबरच्या रात्री घरातले सगळे वाकळेत गुरफटून झोपलेत आणि एकटाच कुणी पंखा लावा म्हणतोय, तर मात्र कान टवकारावेत. निदानाच्या कामी परभणीचं हवामान मोठं सोयीचं आहे. उन्हाळ्यात इथला पारा 44 अंशांच्या वर जातो आणि एखाद्या हिवाळ्यात कृषी विद्यापीठाच्या आवारात तोच 5 अंशांच्या खाली उतरतो. तेव्हाही ज्याला उकडतं, त्याचं कारण हवेत नसतं, अंगात असतं.

आपल्याकडे ‘अंगात कडकी हाय’ म्हटलं की निदान संपतं. मग गुलकंद, सब्जा, धन्याचं पाणी. याने सहसा बिघडत काही नाही, वेळ मात्र जातो.

पहिला संशय थायरॉइडवर घ्यावा. गळ्यातली ही ग्रंथी जास्त हार्मोन सोडू लागली की शरीर खाल्लेलं भराभर जाळतं आणि उष्णता वाढते. भूक दांडगी, वजन मात्र घटतंय, छाती धडधडतेय, असं चित्र असतं. हात समोर ताणून बोटांवर वहीचं पान ठेवा. बोटांची बारीक थरथर पानावर लगेच दिसते. रक्तातला टीएसएच तपासला की बहुधा उलगडा होतो. या आजारात तो आकडा कमी येतो, आणि ‘कमी म्हणजे बरंच की’ म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवणारे आहेत! थायरॉइड कमी असल्याची गोळी घेणाऱ्यांनाही डोस जास्त झाला तर असंच गरम होतं.

बायकांचं कारण अनेकदा निराळं. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. त्या सुमारास इस्ट्रोजेन घटतं आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र जरा जास्तच हळवं होतं. कापूस वेचता वेचता एकदम छाती, मान, चेहरा तापतो, घाम फुटतो आणि काही मिनिटांत अंग गार पडतं. घरात हे कुणाला सांगायचं नाही, अशीच अजून रीत आहे. याला औषध आहे, हेही म्हणून बऱ्याच जणींना ठाऊक नसतं.

तळपायाची आग हा प्रकार वेगळा. पाय चुलीवर ठेवल्यासारखे वाटतात, पण हात लावून पाहावं तर गारच. इथे उष्णता नसते, नसा दुखावलेल्या असतात. मधुमेहाने किंवा बी-12 च्या कमतरतेने. काशाच्या वाटीने तूप चोळलं की झोप छान लागते, साखर उतरत नाही. आणि संध्याकाळी बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम, दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

आता खऱ्या उन्हाळ्याकडे. त्वचेचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की शरीर उष्णता बाहेर टाकू शकत नाही, उलट घेऊ लागतं. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो इतका झटकन वाळतो की आला कधी ते कळत नाही. सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसतात. माठ आणि कूलर याच कोरडेपणावर चालतात. जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर चिकचिक वाढवतो. आणि दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवणाऱ्यांना काय म्हणावं? ओली हवा बाहेर जायला वाट हवी.

घरांचंही पाहायला हवं. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं, जाड भिंती आणि तुळयांवर मातीचा थर, भर दुपारीही आत गार असत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात अशी जड छतं माणसांवर कोसळली आणि माळवदाची धास्ती बसली. ती योग्यच होती. पण त्या जागी आले स्लॅब आणि पत्रे. पत्रा दुपारी भाजतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत ते खोलीत सोडतो. शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो, नेमका तोच मिळत नाही. गच्चीला पांढरा चुना मारणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

हवा 40 अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर मारतो. ओलं उपरणं खांद्यावर घेऊन पंख्याखाली बसावं, मग फरक कळतो. मीठ घातलेलं ताक, पन्हं उत्तमच. खिशातल्या कांद्याचा मात्र अंग गार व्हायला उपयोग नाही. फार तर भाकरीबरोबर खावा.

उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून धग लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. 108 ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालत राहायचं. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, तापाची गोळीही देऊ नये. हा ताप त्या गोळीने उतरत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या मार्चमध्येच डॉक्टरांना दाखवून घ्याव्यात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी अंगातलं पाणी कमी करते, आणि मानसिक आजारांवरच्या किंवा लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनी घामच कमी येतो. डोस बदलायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने गोळी बंद करू नये.