ताईचं माप, माझा हिशेब

सकाळी साडेसात.
इचलकरंजीत कापड मिळणं अवघड नाही, थोडं कापड मिळणं अवघड. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून हे गाव हजारो मीटरच्या भाषेतच बोलतं. आम्हा बहीणभावाच्या शर्टांच्या लेबलला मात्र एका रंगाचं शे-दीडशे मीटर पुरतं. तेवढ्यासाठी प्रोसेसवाला मशीन लावत नाही. म्हणून पहिला फोन त्यालाच: कुणाचा आकाशी रंगाचा मोठा लॉट लागत असेल, तर त्याच्या मागून आमचं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड घ्या. ‘‘बघतो,’’ म्हणाला. त्याचं ‘बघतो’ म्हणजे परवा.

आठ.
ताई कटिंगच्या टेबलाशी. नवा तागा आला की ती आधी त्याचा एक तुकडा कापते, त्यावर बॉलपेनने पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखते, धुऊन वाळवते, इस्त्री करते आणि पुन्हा मोजते. कालच्या तुकड्याचा चौकोन आज आडवा एकोणपन्नास भरला, उभा अठ्ठेचाळीस. मागावर उभे धागे ताणलेले असतात. पाणी लागलं की सैलावतात. अमेरिकेत शर्ट-कॉलर करणाऱ्या क्लुएट पीबॉडी कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड यंत्रावर आधीच आकसवून घ्यायची पद्धत काढली, तिला सॅन्फोराइझिंग म्हणतात. आमच्या विक्रेत्याने तसंच कापड देतो म्हणून सांगितलं होतं.

‘‘चार टक्के,’’ ताई म्हणाली. म्हणजे धुतल्यावर तीस इंच उंची राहायला हवी तर सव्वाएकतीस कापायचं. तिने पुठ्ठ्याचा पॅटर्न काढला, खडूने वाढवला. प्रत्येक शर्टामागे सव्वा इंच कापड जास्त, म्हणजे माझ्या वहीतला आकडा पुन्हा खोडायचा. कटिंग मास्तर सख्खी बहीण असली की घासाघीस करता येत नाही.

साडेदहा.
टेलर पीस रेटवर. त्यातला एक फक्त कॉलर करतो आणि बाकीच्यांनी त्याच्या मशीनला हात लावलेला त्याला खपत नाही. मला विचाराल तर शर्ट म्हणजे कॉलर. उरलेलं कापड तिला धरून ठेवण्यापुरतं. फ्युजिंगला, म्हणजे कॉलरच्या आतलं अस्तर चिकटवायला, दीडशे अंशाच्या आसपास पंधराएक सेकंद. कमी पडलं तर पहिल्याच धुण्यात कॉलरला फुगे येतात, जास्त झालं तर गोंद वर उमटतो. मग शिलाई, टोकाशी जादा कापड कापणं, उलटवणं. टोक काढताना सुई खुपसायची नाही, असा ताईचा हुकूम आहे. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून ती उजेडात धरते. दोऱ्याएवढा फरक दिसला तरी उसवायला लावते.

दीड. जेवण. कामाचं बोलायचं नाही असं ठरलेलं आहे. बोलतोच.

अडीच.
पार्सलं आणि आरटीओ, म्हणजे गिऱ्हाइकाने न घेता परत आलेला माल. बरेचसे परतावे मापाचे. म्हणून मी फोनवर सांगतो: नीट बसणारा जुना शर्ट पसरा, बटणं लावा, काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. आज एका काकांनी विचारलं, ‘‘पोटाचं माप धरून सांगू की सोडून?’’ शेजारच्या मागांच्या खटखटाटात मला ते दोनदा विचारावं लागलं. ‘‘सोडून सांगा,’’ ताई तिकडून ओरडली.

सहा.
लिननच्या शर्टाची किंमत ठरवायची आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के जीएसटी, त्याच्या वर गेलं की पूर्ण किमतीवर 18. माझा हिशेब 2,600 वर आला होता. करासकट ते 3,068 होतात, आणि 2,500 ठेवले तर 2,625. आमच्या शंभर रुपयांसाठी गिऱ्हाइकाला 443 रुपये जास्त मोजावे लागतात. शंभर कमी करायलाच हवेत.

‘‘शिंपल्याची बटणं काढू. साधी लावू.’’

‘‘हात लावून बघ बटणांना.’’

‘‘मग कॉलरवाल्याचा रेट?’’

तिने नुसतं बघितलं. त्याच्यावर ती कधीच बोलू देत नाही.

‘‘तुझं ते फोटोशूट,’’ ती म्हणाली. ‘‘मॉडेल, स्टुडिओ, गाडीभाडं. सगळं शर्टावर वाटून बघ.’’

वाटून बघितलं. एकशे दहा निघाले.

तेव्हा फोटो उद्या सकाळी गच्चीवर, ताईच्या फोनवर. मॉडेल मीच. साइज 42, ताईच्या मते 44.