मेरिलिनची बिलं अजून वाचता येतात!

तुमच्या घरात तो एक खण असेलच. विजेची बिलं, दवाखान्याच्या पावत्या, मिक्सरचं वॉरंटी कार्ड. आवरायला घेतलं की आई ओरडते, "टाकू नकोस, लागेल कधीतरी!"

अगदी असाच पसारा हॉलिवूडची लाडकी नटी मेरिलिन मन्रो मागे ठेवून गेली. ऑगस्ट १९६२मध्ये लॉस एंजेलिसला ती वारली तेव्हा ती फक्त ३६ वर्षांची होती. तिच्या मागे फायलींची दोन कपाटं राहिली. पत्रं, बिलं, पावत्या, चेक! आज तिनं सही केलेला साधासा चेकसुद्धा लिलावात, त्यावर लिहिलेल्या रकमेच्या कितीतरी पट किमतीला जातो.

पण थांबा. चेक तर आपण दुसऱ्याला देतो ना? मग तो तिच्याकडे कसा?

आपल्याकडे वटलेला चेक बँकेतच राहतो. त्या काळी अमेरिकेत मात्र रिवाज वेगळा होता. पैसे चुकते झाले की चेकवर शिक्का मारायचा आणि महिन्याच्या हिशेबाबरोबर तो खातेदाराकडेच परत धाडायचा. म्हणजे चेक गावभर फिरून, शेवटी मालकिणीच्या घरी!

आता खरी गंमत. साठ वर्षांपूर्वीची ती अक्षरं अजून वाचता येतात. आणि तुम्ही मे महिन्यात घेतलेल्या आइस्क्रीमचं बिल? दिवाळीत पाहाल तर कदाचित कोरा कागद!

तेव्हा पावती हातानं लिहीत किंवा टाइप करत. खाली काळा कार्बन पेपर घातला की दुसरी प्रत तयार. त्या काळ्या रंगात असते काजळी, म्हणजे देवापुढच्या समईवर धरते तीच. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो महाहट्टी. उजेडानं त्याचं काही बिघडत नाही. कागद मात्र पिवळा पडतो, कारण लाकडातलं लिग्निन हवेनं आणि उजेडानं बदलत जातं. जुन्या वर्तमानपत्राची रद्दी बघा, कळेल.

आणि आज दुकानात बिल छापणाऱ्या त्या इवल्या मशीनमध्ये शाई नसतेच! जादू कागदात असते. त्याच्यावर दोन रसायनांचा पातळ लेप असतो, एक बिनरंगी रंग आणि एक त्याला जागं करणारं. मशीनमधले बारीक ठिपके तापतात, लेप तिथं वितळतो, दोघं भेटतात आणि काळं अक्षर उमटतं. ही दोस्ती कच्ची. ऊन लागलं, तेलकट बोट लागलं, प्लॅस्टिकच्या पाकिटात बिल राहिलं, की दोघं फारकत घेतात आणि अक्षर पुसट होतं. दुकानदारांना सोयीचं, पण गॅरंटीसाठी बिल जपणाऱ्यांना नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

करून बघा. अशा बिलावर नखानं जोरात रेघ ओढा. घासण्याच्या उष्णतेनंच काळी रेघ उमटेल! नंतर हात मात्र साबणानं धुवा, ती रसायनं पोटात जायला नकोत. मग एक बिल उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरं वहीत दडपा, आणि दर रविवारी दोन्ही शेजारी धरून पाहा. कुठलं आधी कोरं झालं ते आम्हाला नक्की कळवा. पत्र पेनानं लिहा हं!