मॅरो नॉर्मल आला, आता गोळी बंद करू का?

मिरज-बेळगावकडून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने येणारे बरेच जण यशवंतपूरला उतरतात. त्यांतल्या काहींना पुढे होसूर रोडला, किदवाई कॅन्सर संस्थेत जायचं असतं. पिशवीत फाईल, आणि फाईलवर तीन अक्षरं : सीएमएल. रक्ताचा हा कॅन्सर सावकाश वाढणारा. पेशंटचा हमखास प्रश्न म्हणजे वर दिलेलं शीर्षक.

मॅरो हा हाडाच्या पोकळीतला मऊ गर. रक्त तिथंच तयार होतं. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडात यातला साधारण निम्मा भाग चरबीचा असतो. सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचा जीन बनतो आणि पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम सतत मिळत राहतो. मग मॅरोतली चरबी जवळजवळ नाहीशी होते. एरवी लाल पेशींच्या पिल्लांमागे पांढऱ्यांची पिल्लं तिप्पट असतात, इथं ती दहापट किंवा जास्त होतात. प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी खुज्या दिसतात. काहींच्या मॅरोत बारीक तंतूंचं जाळंही वाढतं.

इमॅटिनिबची गोळी, बहुतेकांना रोज ४०० मिलिग्रॅम, हा हुकूमच थांबवते. रोगट पेशींची गर्दी ओसरते. पण तिच्याखाली दबलेल्या चांगल्या पेशींना उभं राहायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत काऊंट फारच खाली जाऊ शकतो. तण काढल्यावर रान काही दिवस उजाड दिसतं ना, तसंच. अशा वेळी डॉक्टर थोडे दिवस गोळी थांबवतात. औषध बाधलं असं समजून घाबरू नका, आणि स्वतःच्या मनानं तर गोळी थांबवूच नका.

पुढच्या महिन्यांत चरबी परत येते, पेशींचं प्रमाण जागेवर येतं, तंतूही बऱ्याच जणांत कमी होतात. मायक्रोस्कोपखाली मॅरो निरोगी माणसासारखा दिसतो. खरी गोम इथंच आहे. निदानाच्या वेळी शरीरात रोगट पेशी अंदाजे एक लाख कोटी असतात. त्या हजारात एक उरल्या, तरी शंभर कोटी झाल्या! डोळ्यांना त्या दिसत नाहीत, रक्ताची पीसीआर तपासणी त्या पकडते. तिचा आकडा ३ महिन्यांनी १० टक्के, ६ महिन्यांनी १ टक्का आणि वर्षानं ०.१ टक्का किंवा त्याखाली असावा. शक्यतो तपासणी एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर आकडे जुळत नाहीत.

गोळी कधी थांबवता येते का? येते, पण काही जणांनाच. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीही न सापडलेल्या १०० जणांची गोळी थांबवली. निम्म्याहून जास्त जणांत रोग परतला, बहुतेकांत सहा-सात महिन्यांतच. पुन्हा गोळी सुरू केल्यावर तो आटोक्यात आला, कारण दर महिन्याला तपासणी चालू होती. तपासणीशिवाय गोळी सोडणाऱ्याला ही संधी मिळत नाही.

किंमत हे कारण पूर्वी मोठं होतं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ग्लिवेकच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. आता गोळी चुकते ती बहुधा 'बरं वाटतंय' म्हणून.

आणि हो, मॅरोची सुई दरवेळी टोचावी लागत नाही. सगळं ठीक असेल तर रक्ताची पीसीआर पुरते. तिचा आकडा चढू लागला किंवा काऊंट बिघडला, तर डॉक्टर मॅरो पुन्हा मागतील.