सभागृहात बाबासाहेबांनी कुणाची बाजू घेतली?

निवडणूक आली की आपल्या वस्त्यांत महिनाभर झोप नसते. कुणाचे निशाण काय, कोण आपला, कोण परका, याची चर्चा नाक्यावर आणि विहाराच्या ओट्यावर रंगते. बोटावरची शाई वाळली की चर्चाही संपते. ज्याला आपण निवडून दिले तो सभागृहात कोणत्या विधेयकाला 'होय' म्हणतो आणि कोणत्या विधेयकाला 'नाही', हे विचारण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. आपले मत एका दिवसाचे असते. त्याचे मत पाच वर्षे चालते.

पक्षाच्या आमदारावर पक्षादेशाचे बंधन असते. १९८५ साली घटनेत ५२ वी दुरुस्ती होऊन पक्षांतरबंदी आली. पक्षादेश मोडून मत दिले तर आमदारकी जाऊ शकते. अपक्षाला पक्षादेश नसतो. तो निवडून आल्यावर एखाद्या पक्षात शिरला तर मात्र त्याचेही सभासदत्व जाते. म्हणजे अपक्षाचे मत सर्वस्वी त्याचे असते आणि जबाबदारीही त्याचीच. पण आपण पाहिले काय? १९९५ साली महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले. शिवसेना-भाजप युतीला १३८ जागा होत्या आणि बहुमताला १४५ लागत होत्या. युतीचे सरकार अपक्षांच्या टेकूवर उभे राहिले. तेव्हापासून अपक्ष म्हटले की लोक आधी त्याचा भाव विचारतात. एका मताचे वजन किती, हेही देशाने पाहिले आहे. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने कोसळले.

मग पाठीशी मोठा पक्ष नसलेल्या प्रतिनिधीने कोणाकडे पाहून हात वर करावा? वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

सरकारने नेमलेला, पण सरकारचा नव्हे

डिसेंबर १९२६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुंबई विधिमंडळावर नेमणूक झाली. १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी शपथ घेतली. निवडून नव्हे, नेमून. कारण त्या काळी मताचा हक्क मालमत्ता आणि कर यांवर ठरत असे. ज्यांच्याकडे जमीन नाही, घर नाही, त्या आपल्या आजा-पणजांना मतच नव्हते. बाबासाहेबांच्या पाठीशी तेव्हा कोणताही पक्ष नव्हता. त्यांना नेमणारे इंग्रज सरकारच होते. असा माणूस सरकारच्या होला हो म्हणेल, असे कुणालाही वाटले असते.

घडले उलटे. शपथेला आठवडा होतो न होतो तोच, २४ फेब्रुवारीला, त्यांनी सरकारच्या अंदाजपत्रकावर टीका केली. त्यांचा मुद्दा साधा होता. शहरात पगारदाराचे उत्पन्न ठराविक रकमेखाली असले तर त्याला प्राप्तिकर माफ आहे. शेतकऱ्याची जमीन अर्धा एकर असो की शंभर एकर, पीक आले असो की बुडाले असो, शेतसारा त्याला भरावाच लागतो. हा कुठला न्याय? १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर चर्चा झाली. सरकार जनतेकडून दारूच्या अबकारीतून जितका पैसा काढते, निदान तितका तरी तिच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी मागणी त्यांनी केली. या भाषणानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ सालीच विधिमंडळात मंजूर झाला होता. चार वर्षे तो कागदावर राहिला. सभागृहातल्या मताची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही बाबासाहेबांना ठाऊक होत्या.

गिरणीतल्या बाईसाठी

आमच्या माता-भगिनींनी पुढचा प्रसंग मुद्दाम ध्यानात ठेवावा. गिरणीत काम करणारी बाई बाळंतपणाला गेली की तिची मजुरी बुडायची. म्हणून कित्येकजणी दिवस भरत येईपर्यंत यंत्रापुढे उभ्या राहत आणि ओली बाळंतीण असतानाच परत कामावर येत. श्री. आसवले यांनी बाळंतपणाच्या रजेत बाईला भत्ता मिळावा असे विधेयक आणले. ते बाबासाहेबांचे विधेयक नव्हते. तरी २८ जुलै १९२८ रोजी ते त्याच्या बाजूने उभे राहिले. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खरे तर हा भार बराचसा सरकारने उचलायला हवा, असे ते म्हणाले. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, हेही त्यांनी ठासून सांगितले. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. पुढे १९६१ साली केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आज आपली एखादी लेक ही रजा घेते तेव्हा तिने या वाटेवरचे पहिले पाऊल आठवावे.

गोंडस नावाला भुलले नाहीत

विधेयकाचे नाव चांगले असले म्हणजे विधेयक चांगले असते असे नाही. १९२७ साली सरकारने शेतीचे तुकडे होऊ नयेत म्हणून विधेयक आणले. ऐकायला गोष्ट बरी वाटते. पण या कायद्याने लहान शेतकरी जमिनीवरून उठेल आणि मजुरांची फौज वाढेल, हे बाबासाहेबांनी ओळखले. १० ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांनी त्याला विरोध केला आणि सहकारी शेतीचा पर्याय मांडला. नुसता विरोध करून ते खाली बसले नाहीत.

१९ मार्च १९२८ रोजी त्यांनी स्वतः महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबवून घेणारी ही वेठ होती. विधेयकाला विरोध झाला आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. पण मागणी मेली नाही. १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करण्याचा कायदा झाला. तीस वर्षे लागली.

सायमन कमिशनला साहाय्य करण्यासाठी विधिमंडळाने नेमलेल्या समितीतही ते होते. इतरांच्या अहवालावर सही करून मोकळे होणे सोपे होते. बाबासाहेबांना तो पटला नाही. १७ मे १९२९ रोजी त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात सर्व प्रौढांना मताचा हक्क मागितला. आज आपल्या हातात जे मत आहे, ते मागणाऱ्यांत हाही एक आवाज होता.

संप म्हणजे गुन्हा नव्हे

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत ते निवडून आले. १७५ जणांच्या सभागृहात काँग्रेसचे संख्याबळ मोठे होते आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. आता बाबासाहेबांच्या पाठीशी स्वतःचा लहानसा पक्ष होता, पण बाजू ठरवण्याची रीत तीच राहिली. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्यासाठी जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. त्यात सर्व जातींचे कष्टकरी होते.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. समझोत्याची लांबलचक प्रक्रिया पुरी होण्याआधी संप केला तर तो बेकायदा आणि कामगाराला शिक्षा, असा त्याचा गाभा होता. हे सरकार लोकांनी निवडलेले, स्वातंत्र्याची भाषा बोलणारे. तरीही बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे गुलामगिरी आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृहात संख्या कमी पडणार हे दिसत असतानाही ते मागे हटले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत मोठा संप झाला. त्यात कम्युनिस्ट पुढारीही त्यांच्यासोबत होते. कायदा अखेर झालाच. पण कामगाराच्या बाजूने कोण उभे होते, याची नोंद कायमची झाली.

आपण काय विचारायचे?

या साऱ्यातून एक कसोटी हाती लागते. विधेयक कुणी आणले, हे बाबासाहेबांनी पाहिले नाही. त्याचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो आणि फायदा कुणाच्या घरी जातो, हे पाहिले. नेमणाऱ्या सरकारलाही सोडले नाही आणि लोकप्रिय सरकारलाही नाही. दुसऱ्याचे चांगले विधेयक आपले मानले. हरणार हे ठाऊक असतानाही बाजू बदलली नाही.

आज सभागृहात बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. कुणी 'होय' म्हटले, कुणी 'नाही', त्याची नावानिशी नोंद राहत नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच माणूस मोजला जातो. म्हणून विचारणे आपल्यालाच भाग आहे. आपला आमदार पक्षाचा असो वा अपक्ष, वर्षातून एकदा त्याला विहारात बोलवावे. या वर्षी कोणत्या विधेयकावर तुम्ही बोललात? कोणत्या बाजूला मत दिलेत? त्याने आमच्या वस्तीचे काय भले झाले? हे तीन प्रश्न महिला मंडळाने विचारावेत, तरुणांनी उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या निवडणुकीच्या आधी ती वही सर्वांसमोर वाचावी.

बाबासाहेबांची १९२७ ते १९३९ पर्यंतची मुंबई विधिमंडळातली भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ साली इंग्रजी ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात छापली आहेत. घरात इंग्रजी शिकलेले मूल असेल तर रविवारी त्याच्याकडून दोन पाने वाचून घ्यावीत आणि त्याने आजीला ती मराठीत समजावून सांगावीत. ज्या आजीच्या आईला मत नव्हते, तिला ती नक्की कळतील.

जयभीम!