सेंद्रिय पेरॉक्साइडे : उपयोग आणि सावधगिरी

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आयटीआय अथवा पदविका पूर्ण करून औद्योगिक वसाहतींमध्ये स्थिरावले आहेत. कोणी केबलच्या कारखान्यात आहे, कोणी रबराचे सुटे भाग करणाऱ्या लहान युनिटमध्ये, तर कोणी फायबरच्या टाक्या घडविणाऱ्या शेडमध्ये. या तिन्ही ठिकाणी एकाच कुळातील रसायने हाताळावी लागतात. कामगार त्यांना ‘डीसीपी’, ‘हार्डनर’ किंवा नुसते ‘केमिकल’ म्हणतात आणि पुष्कळदा त्यांना तेवढेच सांगितलेले असते. ही रसायने म्हणजे सेंद्रिय पेरॉक्साइडे. ती नेमके काय करतात हे एकदा समजले, की त्यांना का जपावे लागते हेही उमगते.

रबर व प्लास्टिक हे लांबच लांब रेणुसाखळ्यांचे बनलेले असतात. या साखळ्या सुट्या असतील, तर उष्णतेने एकमेकींवरून घसरतात आणि वस्तू मऊ पडते. त्यांच्यामध्ये जागोजागी आडवे बंध घातले, तर त्यांची जाळी तयार होते. अशी जाळी झालेला पदार्थ ताणला तरी मूळ आकारावर येतो आणि तापवला तरी वितळून वाहत नाही. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये कच्चे रबर गंधकासह तापवून ही किमया साधली. परंतु गंधकाला साखळीत दुहेरी बंध लागतात. पॉलिएथिलीनच्या साखळीत ते जवळजवळ नसतात, त्यामुळे तेथे गंधक निरुपयोगी ठरते. गंधकावाचूनही रबर पक्के करता येते, हे रशियन रसायनशास्त्रज्ञ इव्हान ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांनी १९१५ मध्ये बेंझॉइल पेरॉक्साइड वापरून दाखविले. प्लास्टिकलाही तोच मार्ग पुढे उपयोगी पडला.

पेरॉक्साइडच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. हा बंध फार दुबळा असतो. कार्बन–कार्बन बंध तोडण्यास दर मोलला सुमारे ३५० किलोजूल ऊर्जा लागते, तर या बंधाला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. उष्णता मिळताच तो तुटतो आणि रेणूचे दोन अस्वस्थ तुकडे होतात. त्यांना ‘मुक्त मूलक’ म्हणतात. हे तुकडे जवळच्या साखळीतून हायड्रोजनचा अणू ओढून घेतात. आता ती साखळीच अस्वस्थ होते. अशा दोन साखळ्या शेजारी आल्या, की त्या थेट एकमेकींना जुळतात आणि मजबूत कार्बन–कार्बन बंध तयार होतो. कारखान्यात पेरॉक्साइडला सर्रास ‘कॅटॅलिस्ट’ म्हणतात, पण ते बरोबर नाही. उत्प्रेरक शेवटी शिल्लक राहतो, पेरॉक्साइड मात्र या कामात खर्ची पडते.

येथे सारा खेळ तापमानाचा आहे. डीसीपी, म्हणजे डायक्युमिल पेरॉक्साइड, सुमारे ११५ अंश सेल्सिअसला निम्मे संपायला दहा तास घेते. तेच सुमारे १७५ अंशांना एका मिनिटात निम्मे होते. म्हणूनच मिलवर ते सर्वांत शेवटी, माल फार तापू न देता मिसळतात आणि साच्यात मात्र १६० ते १८० अंश ठेवतात. मिलवरच माल तापला, तर जाळी तेथेच पडू लागते, कंपाउंड ‘स्कॉर्च’ होते आणि तो सगळा घाणा फेकावा लागतो. नव्या मुलाला त्याबद्दल बोलणी बसतात. खरे तर मिलचे पाणी बंद असल्याचे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

या प्रक्रियेचे सर्वांत मोठे देणे म्हणजे विजेची केबल. केबलवर ‘एक्सएलपीई’ अशी अक्षरे असतात, त्यांचा अर्थ आडवे बंध घातलेले पॉलिएथिलीन. पीव्हीसीच्या साध्या केबलचा वाहक सतत ७० अंशांपर्यंत तापू देतात. एक्सएलपीईचा ९० अंशांपर्यंत, आणि शॉर्टसर्किटच्या क्षणी २५० अंशांपर्यंतही चालतो. जाळी नीट पडली की नाही, हे पाहण्याची रीतही सरळ आहे. आवरणाची पट्टी वजन लावून २०० अंशांच्या भट्टीत पंधरा मिनिटे टांगतात. साधे पॉलिएथिलीन केव्हाच वितळून गळून पडले असते. ही पट्टी ताणते, पण टिकते. सौर पॅनलमध्ये काच व सेल यांना धरून ठेवणारा ईव्हीएचा थर आणि चपलांचे हलके फोमचे तळवे यांतही बहुधा हेच रसायन राबते. डीसीपी वापरलेल्या नव्या तळव्यांचा जो गोडसर उग्र दर्प येतो, तो त्याच्या विघटनातून निघणाऱ्या अ‍ॅसिटोफिनोनचा.

मात्र सर्वत्र पेरॉक्साइडच सरस असे नाही. फाटण्याला व वारंवार दुमडण्याला गंधकाचे रबर अधिक दाद देत नाही, म्हणून टायर आजही गंधकाचेच. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तर पेरॉक्साइड साखळ्या जोडण्याऐवजी तोडते.

आता सावधगिरीविषयी. जो दुबळा बंध साच्यात उपयोगी, तोच गोदामात घातक. विघटन होताना उष्णता निघते, त्या उष्णतेने विघटन आणखी वाढते, आणि एका मर्यादेनंतर ते आवरत नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, क्रॉस्बी येथील आर्केमा कंपनीच्या कारखान्यात ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाचा पूर शिरला. वीज गेली, पर्यायी जनित्रेही बंद पडली. थंड ठेवावी लागणारी पेरॉक्साइडे शीतवाहनांत हलविली होती, पण त्यांचेही शीतकरण थांबले आणि ३१ ऑगस्टपासून ती वाहने पेटू लागली. दीड मैलांच्या परिसरातील दोनशेहून अधिक रहिवाशांना घरे सोडावी लागली.

डीसीपी इतके नाजूक नाही, त्याला शीतगृह लागत नाही. तरी ते ३० अंशांच्या आत ठेवावे असे सांगितले जाते आणि चाळिशीच्या आसपास ते वितळते. मे महिन्यातील आपल्याकडची पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणावी. मी एका कारखान्यात असताना डीसीपीची खोकी बॉयलरच्या भिंतीला टेकवून रचलेली होती. जागा तेवढीच आहे, असे उत्तर मिळाले.

फायबरच्या कामातील धोका याहून निकट असतो. तेथील पाण्यासारखा हार्डनर म्हणजे मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड. सोबत जांभळा कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर असतो. ही दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत, त्याने स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण घोटून घ्यावे, मगच दुसरे घालावे. दोन्हींची मापेही वेगळी असावीत. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावलाच पाहिजे, आणि थेंब उडालाच तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. उरलेले रसायन पुन्हा मूळ डब्यात ओतू नये, कारण गंज वा धूळ यांचा अंशही विघटन सुरू करू शकतो. सांडलेले भुशाने टिपू नये, भुसा पेट घेतो.

प्रत्येक मालाबरोबर पुरवठादाराचे सुरक्षा माहितीपत्रक येते. त्यात साठवणीचे कमाल तापमान छापलेले असते. आपला मुलगा वा मुलगी अशा ठिकाणी कामाला असेल, तर ते पत्रक कामाच्या जागी लावले आहे का आणि गोदामात तापमापक आहे का, एवढे पालकांनी सुट्टीत घरी आल्यावर त्यांना अवश्य विचारावे.