पिकअपच्या केबिनमधील सबवूफर-पेटीचे दृढीकरण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा हे तेरेखोल नदीकाठचे गाव राष्ट्रीय महामार्ग ६६ वर, गोव्याच्या सीमेलगत वसले आहे. येथून एक रस्ता दाणोलीमार्गे आंबोली घाटाकडे जातो. महामार्गावर वेग आणि घाटात वळणे, अशा दोन्ही प्रकारच्या रस्त्यांवरून मालवाहू पिकअप गाड्या जात असतात. केबिनमध्ये सबवूफर, म्हणजे मंद्र स्वरांचा ध्वनिक्षेपक, बसविला असता त्याची पेटी आसनामागे नुसती ठेवून देण्याकडे कल दिसतो. पेटी जड असल्याने ती जागची हलणार नाही, अशी त्यामागे समजूत असते. ही समजूत कितपत टिकते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल पेटीचे एकूण वस्तुमान १८ किलोग्रॅम व तळाचा घर्षणगुणांक ०.५ मानू. पेटीचे वजन सुमारे १७६ न्यूटन. म्हणून तिला रोखून धरणारे घर्षण अधिकाधिक ८८ न्यूटन. ताशी ४० किलोमीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घेताना पेटी जागेवर राहण्यास सुमारे ७४ न्यूटन बल लागते. तेव्हा पेटी स्थिर राहते. पण जोराचा ब्रेक दाबल्यास सुमारे १२५ न्यूटन बल लागते, आणि पेटी सरकते.

हा हिशेब ध्वनिक्षेपक बंद असतानाचा झाला. तो चालू असता परिस्थिती पालटते. त्याचा शंकू व त्यास जोडलेले वेटोळे यांचे वस्तुमान १५० ग्रॅम, कंपनाचा परमप्रसर १० मिलिमीटर आणि वारंवारता सेकंदाला ४० धरल्यास पेटीवरील प्रतिक्रियाबल सुमारे ९५ न्यूटनपर्यंत जाते. शंकूचा अक्ष उभा असेल, तर प्रत्येक आवर्तनात क्षणभर तळावरील दाब १७६ वरून ८१ न्यूटनवर येतो आणि घर्षण ४० न्यूटनांवर उतरते. नीरव स्थितीत जे वळण पेटीने सहज सोसले असते, त्याच वळणावर ती आता कणाकणाने सरकू लागते. सारांश, ज्या वजनावर भिस्त ठेवली, त्याचा आधार पेटीचे स्वतःचे कार्यच काढून घेते.

अपघाताच्या प्रसंगी तर घर्षणाचा विचारच उरत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन ०.१ सेकंदात थांबले, तर पेटीस रोखण्यासाठी सरासरी २५०० न्यूटन, म्हणजे सुमारे २५५ किलोग्रॅम भाराइतके बल लागते. त्या वेगाला पेटीची गतिज ऊर्जा जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडलेल्या पेटीइतकी असते. दुहेरी केबिनमध्ये मागील आसनावर ठेवलेल्या पेटीच्या मार्गात चालकाची पाठ व मस्तक येते, हे विसरता कामा नये.

हे बल चार बोल्टांवर विभागल्यास प्रत्येकी ६२५ न्यूटन येते. आठ मिलिमीटर व्यासाचा पोलादी बोल्ट ते लीलया पेलतो. हार खातो तो एमडीएफचा फळा किंवा केबिनचा पातळ पत्रा. लाकडी स्क्रू एमडीएफच्या भुग्यातून उपटून येतात. यास्तव फळ्यातून आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंस रुंद वॉशर अथवा पोलादी पट्टी द्यावी, आणि छिद्रे सीलंटने हवाबंद करावीत. अन्यथा ध्वनी बिघडतो. पेटीस भोके पाडावयाची नसल्यास तळाशी पोलादी चौकट बसवून दोन आडव्या पट्ट्यांनी पेटी जखडावी. चौकट मात्र पत्र्याशी नव्हे, तर जाड आधाराशी जोडलेली असावी. आसनपट्ट्याच्या बोल्टांचा यासाठी उपयोग करू नये. तळास छिद्र पाडण्यापूर्वी खालून इंधननळी, ब्रेकची नळी व तारा कोठून जातात, हे पाहून घेणे अवश्य आहे.

आडव्या कंपनांनी नट आपोआप सैल होतात, हे जर्मन अभियंता गेर्हार्ड युंकर याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखविले. म्हणून नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा व काही दिवसांच्या प्रवासानंतर तो पुन्हा आवळावा. कोकणातील पावसाळी दमट हवेत एमडीएफ फुगतो व साधे लोखंड गंजते. तेव्हा फळ्याच्या कडा रंगाने बंद कराव्यात आणि बोल्ट गंजरोधक पोलादाचे घ्यावेत.

बांधणीची कसोटी सोपी आहे. पेटी दोन्ही हातांनी धरून जोराने हलविली असता ती एकटी न हलता तिच्याबरोबर सारी गाडी डोलली पाहिजे.