खटका बंद करणारी गोळी

गांधीबागेच्या ठोक औषधबाजारात रोज खोकी चढतात, उतरतात. ती वाहणाऱ्यांत आपले कष्टकरी बांधवही आहेत. औषधांच्या या गर्दीतील एका गोळीची हकीकत प्रत्येक घराने जाणावी, असे आम्हास वाटते. तिचे नाव इमॅटिनिब.

आपल्या शरीरातील पेशी एकमेकींना निरोप देतात. ‘वाढ’ किंवा ‘थांब’ हा निरोप पोचविण्याचे काम काही प्रथिने करतात. ती विजेच्या खटक्यासारखी चालू-बंद होतात. रक्ताच्या एका कर्करोगात ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बंदच न होणारे प्रथिन तयार होते. मग पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. थकवा येतो, वजन घटते, डाव्या बरगडीखाली पाणथरी सुजते. हा कोणाचा शाप नव्हे, करणी नव्हे, की गतजन्मीचे पाप नव्हे. कारण असले की कार्य घडते. कारण थोपविले की कार्य थांबते. तथागतांनी हेच शिकविले.

इमॅटिनिब नेमके त्या प्रथिनाच्या खाचेत बसते आणि खटका बंद पाडते. अमेरिकेत २००१ साली तिला मान्यता मिळाली. तिच्या मुख्य चाचणीत दहा वर्षांनंतरही शंभरातील सुमारे ८३ रुग्ण हयात होते.

पण गरिबाने ती घ्यावी कशी? नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांना महिन्याकाठी सुमारे सव्वा लाख रुपये पडत. भारतीय कंपन्या तेच औषध आठ-दहा हजारांत देत होत्या. नोव्हार्टिसने पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने विरोध केला. जुन्याच औषधाला नवे रूप देऊन पेटंट मिळत नाही, त्याचा गुण वाढल्याचे सिद्ध करावे लागते, असे आपला कायदा सांगतो. त्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. कायदा गरिबाच्या बाजूने उभा राहिला, तर जीव वाचतो!

मात्र ही गोळी सर्व कर्करोगांवर चालत नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत ‘हर-टू’ नावाचे वेगळे प्रथिन असते, त्याचे औषधही वेगळे. म्हणून तपासणी आधी. खर्‍र्‍याने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाला तर असा एकच खटका नसतो; तेथे खर्रा सोडणे हाच मोठा उपाय.

माता-भगिनींनो, घरात कोणास अशी लक्षणे दिसली तर अंगारे-धुपारे न करता मेडिकल गाठा, रक्त तपासा. गोळी सुरू झाली की बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका. खटका पुन्हा चालू होऊ शकतो.

जयभीम!